उड्डाणविद्येचा उपासक

जर्मनीच्या उत्तर भागात, बाल्टिक समुद्रापासून थोड्याच अंतरावर, आंक्लाम नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळून पेने नदी वाहते आणि तिच्या काठाने दूरवर ओलसर कुरणे पसरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, उन्हाळ्याच्या दिवसांत या कुरणांत करकोचे उतरत असत. पांढरेशुभ्र अंग, काळ्या कडांचे पंख, तांबडी चोच आणि लांबसडक तांबडे पाय असे हे पक्षी बेडूक टिपीत मोठ्या ऐटीने हिंडत. गावातील दोन भाऊ गवतात दबून बसत आणि त्यांच्याकडे टक लावून पाहत. मुलांची चाहूल लागली की करकोचे उडत. परंतु ते पाठ फिरवून पळत नसत. वारा ज्या बाजूने येत असेल त्याच बाजूला ते तोंड करीत. वारा मुलांच्या बाजूने येत असला, तर ते प्रत्यक्ष मुलांच्या दिशेनेच चार उड्या टाकीत आणि मग पंखांवर उचलले जात. समोर शत्रू दिसत असूनही पक्षी वाऱ्याकडे पाठ करीत नाही, याचे त्या दोघा भावांना मोठे नवल वाटे. त्या नवलाचा शोध घेण्यातच थोरल्या भावाचे सारे आयुष्य गेले. त्याचे नाव ओटो लिलिएंटाल.

ओटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी झाला. त्याचे वडील कापडाचे व्यापारी होते. आई सुशिक्षित असून तिला संगीताची उत्तम जाण होती. या दांपत्याला आठ अपत्ये झाली. परंतु त्यांपैकी ओटो, त्याच्याहून वर्षाने लहान असलेला गुस्ताव्ह आणि बहीण मारी ही तिघेच जगली. पुढे घरची स्थिती खालावली, तेव्हा वडिलांनी सहकुटुंब अमेरिकेस जाण्याचा बेत केला. पण तो सिद्धीस जाण्यापूर्वीच १८६१ साली त्यांना मृत्यूने गाठले. ओटो त्या वेळी अवघा तेरा वर्षांचा होता. तीन मुलांचा सारा भार एकट्या आईवर पडला. परिस्थिती बिकट असतानाही त्या माउलीने मुलांच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही, आणि त्यांच्या विलक्षण छंदालाही तिने कधी आडकाठी केली नाही.

हा छंद म्हणजे उडण्याचा प्रयत्न. दोघा भावांनी पातळ फळ्यांचे पंख तयार केले, ते दंडांना बांधले आणि उतारावरून धावत जाऊन आकाशात झेपावण्याचा यत्न केला. शाळासोबत्यांनी पाहिले तर थट्टा होईल, म्हणून हे प्रयोग रात्रीच्या वेळी चालत. पंख काही त्यांना उचलीनात. दोघेही धापा टाकीत टेकडीच्या पायथ्याशी येत आणि पुन्हा वर चढत. असा अनुभव आल्यावर दुसऱ्या एखाद्या मुलाने तो नाद सोडून दिला असता. ओटोने मात्र आपण उडू शकलो नाही त्याचे कारण काय असावे, हा प्रश्न मनात जपून ठेवला.

आंक्लाम येथील शिक्षण संपल्यावर तो पोट्सडाम येथील तंत्रशाळेत गेला आणि तेथून बर्लिन शहरी आला. तेथे काही दिवस त्याने यंत्रांच्या कारखान्यात हातांनी काम केले आणि नंतर तेथील नामांकित औद्योगिक विद्यालयात यंत्रशास्त्राचा अभ्यास सुरू केला. हे दिवस मोठ्या ओढगस्तीचे होते. पण सुट्टी लागली की दोघे भाऊ एकत्र येत आणि पुन्हा पंखांच्या मागे लागत. १८६७ व १८६८ या वर्षांत त्यांनी पायांनी चालविण्याचे एक पंखयंत्र बनविले. ते दोराने टांगलेले असून दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलेले होते. पायांनी जोर देऊन पंख हलविले म्हणजे यंत्र वर उचलले जाई खरे. परंतु दुसऱ्या टोकाच्या वजनाने निम्म्याच्या आसपास भार तोलून धरला, तरच. माणसाच्या पायांत स्वतःला आकाशात उचलून धरण्याइतके बळ नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले. मग करकोच्याला हे कसे साधते? तो तर कित्येक वेळा पंख न हलविता, नुसते पसरून तरंगत राहतो! उत्तर पंखांच्या हालचालीत नसून त्यांच्या आकारात असले पाहिजे, असे ओटोला वाटू लागले.

इतक्यात १८७० साली जर्मनी व फ्रान्स यांच्यामध्ये युद्ध जुंपले आणि ओटोही सैन्यात दाखल झाला. युद्ध संपवून तो सुखरूप परत आला, तेव्हा पंखांचा प्रश्न त्याच्या मनात तसाच जागा होता. आता त्याने प्रयोगाची रीतच बदलली. उडण्याची घाई न करता त्याने आधी मोजमाप करावयाचे ठरविले. १८७४ च्या सुमारास दोघा भावांनी एक फिरते उपकरण तयार केले. मधोमध उभा खांब, त्याला दोन लांब आडवे हात आणि हातांच्या टोकांना निरनिराळ्या आकारांच्या पट्ट्या, असे त्याचे स्वरूप होते. वजन खाली सोडले की खांब गरगर फिरे आणि पट्ट्या हवा कापीत जात. त्या वेळी हवा प्रत्येक पट्टीला किती वर उचलते आणि किती मागे ढकलते, हे दोघे भाऊ काळजीपूर्वक टिपून ठेवीत. पट्टी सपाट असेल तर काय होते, किंचित वाकलेली असेल तर काय होते, पुढची कड थोडी वर केली तर काय होते, असे शेकडो आकडे जमले. त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न झाली. पक्ष्याच्या पंखासारखी वरच्या बाजूस किंचित फुगीर असलेली पट्टी सपाट पट्टीपेक्षा पुष्कळच अधिक भार उचलते. लहानपणी दंडांना बांधलेल्या सपाट फळ्यांनी त्यांना का उचलले नाही, याचे उत्तर आता हाती आले.

परंतु नुसत्या प्रयोगांवर पोट भरत नाही. १८७२ साली आईही निवर्तली होती. ओटोने यंत्रज्ञ म्हणून नोकरी धरली. १८७८ साली आग्नेस फिशर हिच्याशी त्याचा विवाह झाला. दोघांनाही संगीताची आवड होती. कालांतराने त्यांना चार मुले झाली. दोघा भावांनी मिळून मुलांसाठी एक खेळणेही तयार केले होते. वाळू, खडू आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण दाबून बनविलेले हे छोटे रंगीत दगड रचून मुलांना घरे आणि पूल उभारता येत. पैशाच्या अडचणीमुळे ती कृती त्यांना दुसऱ्या एका कारखानदारास विकावी लागली. आणि ते खेळणे पुढे जगभर गाजले. गुस्ताव्ह बहिणीसह १८८० साली ऑस्ट्रेलियास गेला आणि काही वर्षांनी परत येऊन पुन्हा भावाच्या कामात सहभागी झाला. दरम्यान ओटोने कमी धोक्याचा असा एक लहान बाष्पपात्राचा प्रकार शोधून काढला आणि बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना उघडला. हा कारखानदार निराळ्याच मनोवृत्तीचा होता. १८९० साली त्याने निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा कामगारांना वाटून देण्यास प्रारंभ केला. त्या काळी असे करणारे मालक विरळाच. गोरगरिबांना नाटके पाहावयास मिळावीत म्हणून त्याने बर्लिनमधील एका नाट्यगृहालाही हातभार लावला. तेथे अगदी अल्प दरात प्रवेश मिळे आणि प्रसंगी ओटो स्वतः रंगभूमीवर उभा राहून भूमिका करी.

१८८९ साली, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने आपल्या साऱ्या प्रयोगांचा सारांश एका ग्रंथात मांडला. पक्ष्यांचे उड्डाण हाच मानवी उड्डाणविद्येचा पाया होय, हा त्या ग्रंथाचा विषय होता. त्यात आकडे होते, आलेख होते आणि करकोच्यांची वर्णनेही होती. ग्रंथ फारसा खपला नाही. हवेपेक्षा जड अशा साधनाने माणसाने उडणे ही त्या काळी पुष्कळांना केवळ कविकल्पना वाटे. फुगे आकाशात जात. परंतु वारा नेईल तिकडे त्यांना जावे लागे. तेव्हा ग्रंथात लिहिलेले खरे आहे, हे सिद्ध करून दाखविण्याचा एकच मार्ग ओटोपुढे राहिला. तो म्हणजे स्वतः पंख लावून हवेत उतरणे.

आणि येथेच त्याच्या स्वभावाचा खरा विशेष दिसून येतो. त्याने एकदम उंच कड्यावरून उडी घेतली नाही. बर्लिनजवळच्या लिष्टरफेल्डे येथे त्याचे घर होते. घराच्या बागेत त्याने एक फळी उभारली आणि पंख लावून तिच्यावरून उडी टाकण्यास आरंभ केला. सुरुवातीला उंची माणसाच्या कमरेएवढी असे. तेवढी उडी सफाईदार साधली म्हणजे तो फळी थोडी उंच करी. अशी पुष्कळ तयारी झाल्यावर १८९१ साली तो डेर्विट्स गावाजवळच्या उतारावर गेला. तेथे वाऱ्याकडे तोंड करून तो धावला, पाय जमिनीवरून सुटले आणि सुमारे २५ मीटर अंतर हवेतून तरंगत जाऊन तो अलगद खाली उतरला. अंतर थोडे होते. पण बालपणी रात्रीच्या अंधारात जे साधले नव्हते, ते आता भर दिवसा साधले होते. पुढच्या वर्षी त्याने ८० मीटरपर्यंत मजल मारली. १८९३ पासून तो बर्लिनच्या वायव्येस असलेल्या ऱ्हिनो येथील उघड्या टेकड्यांवर जाऊ लागला, आणि तेथे २५० मीटरपर्यंतचे अंतर त्याने हवेतून पार केले.

त्याच्या या साधनाला ग्लायडर म्हणतात. ग्लायडर म्हणजे इंजिनाशिवाय वाऱ्यावर तरंगत जाणारे विमान. वेताप्रमाणे लवचीक अशा विलो झाडाच्या काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले सुती कापड, एवढीच त्याची सामग्री. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे पावणेसात मीटर, परंतु वजन मात्र अवघे २० किलोग्रॅम! ओटो पंखांच्या मधोमध हातांवर भार देऊन राही आणि त्याचे पाय खाली मोकळे लोंबत असत. दिशा आणि तोल सांभाळण्यास सुकाणू वा चाक असे काही नव्हते. डावा पंख वर उचलला गेला की तो आपले पाय डावीकडे झोकी. ग्लायडरचे तोंड वर जाऊ लागले की तो शरीर पुढे लोटी. वाऱ्याची झुळूक क्षणाक्षणाला बदलते. त्यामुळे विचार करीत बसण्यास तेथे अवसर नसे. सायकलवर बसणाऱ्याला जसा तोल अंगवळणी पडावा लागतो, तसाच हवेतील तोलही अंगवळणी पडला पाहिजे आणि तो सरावावाचून येणार नाही, असे त्याचे ठाम मत होते.

सरावासाठी लांबच्या टेकड्यांवर नेहमी जाणे शक्य नव्हते. म्हणून १८९४ साली त्याने लिष्टरफेल्डे येथे स्वखर्चाने एक टेकडीच उभारली. शेजारी विटांच्या भट्टीसाठी माती खणली जाई. तेथील टाकाऊ मातीचा हा ढीग १५ मीटर उंच होता. तो चहूबाजूंनी सारखा उतरता असल्यामुळे वारा कोणत्याही दिशेने वाहत असला, तरी त्याच्याकडे तोंड करून उडता येई. टेकडीच्या माथ्यावर ग्लायडर ठेवण्याची खोली होती. कारखान्याच्या कामातून सवड मिळाली की ओटो येथे येई. त्याला पाहण्यासाठी बर्लिनचे लोक गर्दी करीत. पंख पसरून माथ्यावरून धावत येणारा तो दाढीवाला यंत्रज्ञ पाहता पाहता प्रेक्षकांच्या डोक्यांवरून तरंगत जाई, आणि उतरताना पक्ष्याप्रमाणे पंखांची पुढची कड वर करून, वेग मंद करून पायांवर उभा राही. त्याच्या उड्डाणांची अनेक छायाचित्रे निघाली आणि देशोदेशीच्या नियतकालिकांत झळकली. माणूस हवेत आहे, हे लोकांना आता डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

कौतुकाबरोबर संकटेही आली. १८९४ साली एका उड्डाणात ग्लायडर एकाएकी नाक खाली करून जमिनीकडे कोसळला. समोर बसविलेली विलोची एक वाकविलेली कमान आधी जमिनीत घुसली आणि तिने आघात सोसला, म्हणून ओटोचा जीव वाचला. घरी पत्नी आणि चार मुले होती, कारखान्यात त्याच्यावर विसंबून असलेले कामगार होते. धोका केवढा आहे, याची त्याला पुरेपूर जाणीव होती. म्हणून प्रत्येक अपघाताचे कारण शोधून तो त्याप्रमाणे साधनात सुधारणा करी. एकावर एक असे दोन पंख असलेले ग्लायडरही त्याने बनवून पाहिले. मात्र उड्डाण थांबविण्याचा विचार त्याच्या मनास शिवला नाही.

आणखी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आपली विद्या त्याने कुलूपबंद ठेवली नाही. आपले यश आणि अपयश तो लेखांतून प्रसिद्ध करी. शिकू इच्छिणारे परदेशी पाहुणे आले, तर त्यांना तो टेकडीवर नेई. त्याने आपल्या कारखान्यात विक्रीसाठी ग्लायडर तयार केले. रशियाचे प्रख्यात शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी त्यांपैकी एक घेतला. ब्रिटनचा तरुण यंत्रज्ञ पर्सी पिल्चर त्याच्याकडे येऊन उडावयास शिकला.

९ ऑगस्ट १८९६ हा रविवार होता. ओटो आपल्या कुशल कारागिरासह श्टॉल्न गावाजवळच्या गोलेनबेर्ग टेकडीवर गेला. ऊन स्वच्छ पडले होते. पहिले उड्डाण उत्तम झाले. त्यानंतरच्या उड्डाणात मात्र उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेचा एक झोत ग्लायडरला लागला असावा. ग्लायडरचे तोंड वर गेले आणि तो हवेत जागच्या जागी थबकला. ओटोने शरीर पुढे झोकून तोल सावरण्याची पराकाष्ठा केली. परंतु सुमारे १५ मीटर उंचीवरून ग्लायडर खाली कोसळला. त्याच्या मानेजवळचा मणका मोडला होता. त्याला बर्लिनच्या रुग्णालयात नेण्यात आले. पण दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्ट रोजी, त्याची प्राणज्योत मालवली. त्या वेळी त्याचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पाच वर्षांत त्याने दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली होती. तरीही हवेत घालविलेला त्याचा सारा वेळ एकत्र केला, तर तो जेमतेम पाच तासांच्या घरात जातो. एकेक उड्डाण काही क्षणांचेच असे, आणि त्या क्षणांसाठी महिनोमहिने तयारी चाले.

या मृत्यूची वार्ता समुद्रापार अमेरिकेत पोहोचली. डेटन शहरी सायकली तयार करणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या बंधूंनी ती वाचली आणि उड्डाणाविषयीचे त्यांचे जुने कुतूहल जागे झाले. त्यांनी ओटोचे लेखन अभ्यासिले, त्याचे आकडे पायाभूत धरून ग्लायडर बनविले आणि त्याच्याप्रमाणेच टेकडीवरून सराव केला. त्याची उणीवही त्यांनी हेरली. केवळ शरीर झोकून तोल सांभाळणे पुरेसे नाही, हे ओळखून त्यांनी दोरांच्या साहाय्याने पंखांनाच पीळ देण्याची युक्ती काढली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिन बसविलेले विमान प्रथम आकाशात गेले. पहिले उड्डाण १२ सेकंदांचे होते. जगात कीर्ती झाल्यावरही राइट बंधू ओटोला विसरले नाहीत. आपल्या आधी होऊन गेलेल्या साधकांत त्यांनी त्याला अग्रस्थान दिले, आणि त्याच्या विधवा पत्नीला पुढे आर्थिक साहाय्यही पाठविले.

लिष्टरफेल्डे येथील ती मातीची टेकडी आजही उभी असून १९३२ पासून ती त्याचे स्मारक झाली आहे. आंक्लाम येथे त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. बर्लिनच्या टेगेल विमानतळालाही त्याचे नाव दिलेले होते. तो विमानतळ २०२० साली बंद झाला. २०१६ साली जर्मनीतील शास्त्रज्ञांनी त्याच्या ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती करून ती वाऱ्याच्या बोगद्यात तपासली, तेव्हा ते साधन योग्य मर्यादेत स्थिर राहते असे आढळून आले. सव्वाशे वर्षांपूर्वी काठ्या आणि कापड यांनी केलेली ती रचना केवळ धाडसाच्या भरात झालेली नव्हती, याची ही साक्षच होय.

आज जगातील अनेक देशांत साहसी तरुण-तरुणी हलक्या ग्लायडरला लटकून डोंगरउतारावरून आकाशात झेप घेतात आणि शरीराचा भार इकडे-तिकडे सरकवून दिशा बदलतात. ही कला ओटो लिलिएंटालने प्रथम हस्तगत केली. त्याच्याआधीही पंख बांधून उंचावरून उडी टाकणारे अनेक होऊन गेले. पण त्यांच्या उडीबरोबरच त्यांची कथा संपली. ओटोने उडी मारण्यापूर्वी वीस वर्षे हवा मोजली होती, आणि जे जे आढळले ते लिहून ठेवले होते. म्हणूनच जेथे तो पडला, तेथून पुढची वाट दुसऱ्यांना चालता आली.